प्रसादाची वाटी, काळा दोरा आणि पगाराचा दिवस: मूर्तिपूजेपासून दूर राहण्याची रोजची रीत

ख्रिस्ती घरात मूर्तिपूजेचा विषय निघाला की पहिलं बोट शेजारच्या देवघराकडे जातं. बायबलचे संदेष्टे मात्र सगळ्यात जास्त रागावले ते आपल्याच माणसांवर. यहेज्केलापुढे इस्राएलाचे वडीलधारे येऊन बसले, देवाचं वचन ऐकायला म्हणून. आणि देवाने सांगितलं की यांनी मूर्ती मनात मांडून ठेवल्या आहेत (यहेज्केल १४:३). शोमरोनात आणून वसवलेले लोक परमेश्वराचं भयही धरत आणि आपापल्या देवांची सेवाही चालू ठेवत (२ राजे १७:३३). देव सोडून दिला असं कुणीच म्हणत नाही. त्याच्या जोडीला आणखी कुणीतरी असावं, एवढंच. गडबड तिथेच असते. म्हणून सुरुवात आपल्या घरापासून करायची आणि शेजाऱ्याकडे नंतर वळायचं.

आधी सात दिवसांची वही

एक साधी वही घ्या. पानावर तीन रकाने आखा: पैसा, वेळ, भीती. आठवडा असा निवडा की त्यात पगाराचा दिवस येईल. उपासाचा किंवा कन्व्हेन्शनचा आठवडा नको, त्या दिवसांत सगळेच शहाण्यासारखे वागतात. रोज रात्री पाच मिनिटं पुरतात. पैशाच्या रकान्यात यूपीआयची यादी बघून रकमा उतरवा. वेळेच्या रकान्यात फोनमधला स्क्रीन टाइमचा आकडा लिहा, अंदाज लिहू नका. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. दिवसभरात छातीत धस्स झालं तेव्हा पहिला हात कुठे गेला, ते जसंच्या तसं लिहा. डॉक्टरांनी दुसरी सोनोग्राफी सांगितली आणि तुम्ही आधी मेव्हण्याला फोन केलात, बँकेतली शिल्लक पाहिलीत, की राशिभविष्याचं पान उघडलंत? उपासनेत माणूस काय गातो त्यापेक्षा घाबरल्यावर कुणाकडे धावतो, यावरून त्याचा देव ओळखावा.

ही वही पाळकांना दाखवायची नाही. दाखवायची आहे म्हटलं की अक्षरही सुधारतं आणि हिशेबही.

आठव्या दिवशी वही पुन्हा वाचा आणि परत परत येणारी एकच गोष्ट शोधा. पाच-सहा सापडतील, पण धरायची एक. मग तिला तीन प्रश्न विचारा. हिच्यासाठी मी खोटं बोलतो का? ही हातची गेली तर जगण्यात राम नाही असं वाटतं का? देवाची एखादी स्पष्ट आज्ञा मी हिच्यापायी बाजूला सारतो का? दोन प्रश्नांना ‘हो’ आलं तर तिला मूर्ती म्हणायला हरकत नाही. प्रेषित पौलाने लोभाला सरळ मूर्तिपूजा म्हटलं आहे (कलस्सै ३:५), त्यात दगडाचा किंवा धातूचा संबंध नाही. मुलाचे बारावीचे टक्के, दादरचा टू-बीएचके, नवऱ्याचा मूड, परदेशातला जावई, यातलं काहीही त्या जागी बसू शकतं.

नुसतं काढू नका, जागा भरा

इथे बहुतेकांचं चुकतं. रविवारच्या उपदेशाने हेलावून माणूस फोनमधली चार ॲप उडवतो आणि बुधवारी परत टाकतो. येशूने सांगितलेलं झाडून-पुसून लखलखीत केलेलं घर आठवा: निघून गेलेला अशुद्ध आत्मा सात जणांना घेऊन परत येतो, कारण घर रिकामंच असतं (मत्तय १२:४३-४५). म्हणून एक गोष्ट काढली की त्याच वेळेला, त्याच जागी दुसरी ठेवायची.

पैसा धरून बसला असेल तर पगार जमा झाल्याच्या दिवशी, किराणा आणि हप्त्याच्या आधी, देण्याची रक्कम वेगळी करा. महिनाअखेरीस उरेल त्यातून देऊ म्हणणाऱ्याकडे काही उरत नाही, हे करिंथकरांना लिहिताना पौलालाही ठाऊक असावं. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं, असं तो म्हणतो (१ करिंथ १६:२). दशांश द्यायला जमत नसेल तर शंभरातले तीन रुपये ठरवा, पण ते पहिले तीन. त्यातलाही काही भाग अशा ठिकाणी जाऊ द्या, जिथे पावती नाही, फलकावर नाव नाही.

फोन धरून बसला असेल तर रात्री तो स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि उशाशी दोनशे रुपयांचं गजराचं घड्याळ ठेवा. सकाळची पहिली पंधरा मिनिटं: पाच मिनिटांत एक स्तोत्र मोठ्याने वाचायचं, पाच मिनिटं गप्प बसायचं, पाच मिनिटं आदल्या दिवशीच्या ‘भीती’च्या रकान्यातलं नाव घेऊन प्रार्थना. दोन आठवडे हे कंटाळवाणं वाटेल. वाटू द्या.

दोरा, लिंबू आणि उशाखालचं बायबल

बाळाच्या मनगटावर काळा दोरा, गाडीला लिंबू-मिरची, लग्नाआधी ‘नुसतं बघून घेऊ’ म्हणून जुळवलेली पत्रिका, गाडीच्या नंबरची बेरीज. यांत पूजा दिसत नाही म्हणून ते ख्रिस्ती घरांत सहज राहून जातं. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकात (१८:१०-१२) शकुन पाहणं, मंत्रतंत्र, मृतांना विचारणं हे एका रांगेत बसवलं आहे, कारण या सगळ्यांत माणूस उद्याची किल्ली देवाच्या हातून काढून दुसऱ्याच्या हातात देतो.

दोरा काढायचा असेल तर आजीच्या पाठीमागे कात्रीने कापून फेकू नका. आजीला बाळाला दृष्ट लागेल याची खरोखर भीती वाटते. तिच्यासमोर बसा, बाळाच्या डोक्यावर तिचाच हात ठेवायला सांगा, बाळाचं नाव घेऊन एक मिनिट प्रार्थना करा आणि मग तिलाच गाठ सोडू द्या. तयार नसेल तर महिनाभर थांबा. चोरून कापलेल्या दोऱ्याच्या जागी दुसऱ्या दिवशी नवा येतो, तोही लंगोटाच्या आत, तुम्हाला दिसणार नाही असा.

आता ख्रिस्ती दोरे. बाळाच्या उशाखाली ठेवलेलं पण महिनोन्‌महिने न उघडलेलं बायबल, अभिषेकाच्या तेलाची बाटली देवाच्या जागी, ‘अकरा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत चमत्कार होईल’ असला निरोप, डोळे मिटून पानावर बोट ठेवून घेतलेला निर्णय. पलिष्ट्यांशी लढताना इस्राएलाची चार हजार माणसं पडली, तेव्हा वडीलजनांनी शिलोहून कराराचा कोश (देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी) मागवला. कोश छावणीत आला, जमीन दणाणेल असा जयघोष झाला आणि मग तीस हजार पडले, वर कोशही गेला (१ शमुवेल ४). कोश खरा होता, देवानेच करवून घेतलेला. त्याचा ताईत केला, म्हणून तो उपयोगी पडला नाही.

मोशेने रानात केलेल्या पितळी सापाचंही तेच. काही शतकं लोक त्याच्यापुढे धूप जाळत राहिले आणि शेवटी हिज्कीया राजाने तो फोडला (२ राजे १८:४). देवाच्या आज्ञेने घडवलेली वस्तूसुद्धा फोडायची वेळ येऊ शकते.

प्रसादाचं काय करायचं

महाराष्ट्रात राहणाऱ्या विश्वासणाऱ्याला हा प्रश्न वर्षातून निदान वीसदा पडतो, म्हणून इथे जरा थांबू या. पौलाच्या काळच्या करिंथात हीच अडचण होती. तिथे उत्खननात आस्क्लेपिओस या आरोग्यदेवाच्या देवळाला लागून जेवणाच्या तीन खोल्या सापडल्या, प्रत्येकीत भिंतीलगत अकरा जणांनी रेलून जेवायच्या बाका. देवळातल्या पंगतीचं आमंत्रण हा तिथल्या सामाजिक जगण्याचाच भाग होता. पौल त्या शहरात दीड वर्ष राहिला होता (प्रे. कृत्ये १८:११), त्यामुळे त्याचं उत्तर बारकाव्याचं आहे. तो तीन जागा वेगळ्या करतो.

देवळातली पंगत, म्हणजे पूजेचाच भाग असलेलं जेवण: नाही. प्रभूच्या मेजावरचं आणि तिकडच्या मेजावरचं, दोन्ही एकदम घेता येत नाही (१ करिंथ १०:२१). बाजारात विकायला आलेलं मांस: खा, चौकशा करत बसू नका (१०:२५). कुणाच्या घरचं आमंत्रण: जा, वाढलेलं खा, पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे नैवेद्याचं आहे, तर सांगणाऱ्याखातर थांबा (१०:२७-२८).

आपल्याकडे हे असं लागू होतं. शेजारच्या काकूंच्या दिवाळीच्या फराळाचं ताट बिनधास्त घ्या. चकली कुठे ठेवली होती हे विचारणं हा आगाऊपणा आहे. गणपतीतल्या घरी बोलावलं तर जा, बसा, मुलांचं कौतुक करा, मोदक जेवणाच्या ताटात आला तर तो जेवणाचा पदार्थ आहे. आरतीनंतर ‘प्रसाद घ्या’ म्हणून हातावर साखरफुटाणे किंवा सत्यनारायणाचा शिरा आला, तर सांगणाऱ्याने सांगितलं आहे. तिथे थांबायचं.

नकार कसा द्यायचा, यावर सगळं अवलंबून. हात मागे घेऊन, तोंड वाकडं करून दिलेला नकार दहा वर्षांचा शेजार मोडतो. दोन्ही हात जोडा, किंचित झुका आणि हळू आवाजात म्हणा, “काकू, राग मानू नका, प्रसाद आम्ही घेत नाही. पण तुमच्या हातचा चहा मात्र घेऊन जाणार.” दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि चहा खरंच घ्यायचा. कारण विचारलं तर एका वाक्यात: “आम्ही एकाच देवापुढचं घेतो, म्हणून.” तिथे उभं राहून अनुवादाचे अध्याय ऐकवू नका. हे आधी एकदा सांगून ठेवलं तर फार सोपं जातं. गणेशचतुर्थीच्या आठवडाभर आधी, बाजारात भेटल्यावर. मग काकू स्वतःच तुमच्यासाठी चिवड्याची वेगळी वाटी काढून ठेवतात.

आणि हातात पडलाच तर? जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ही चूक सर्रास होते आणि सफाईला येणारी बाई ते बघते. “माझा वाटा तुम्ही घ्या,” म्हणत शेजारी उभ्या असलेल्याला द्या.

यात मतभेद आहेत, हेही सांगायला हवं. काही पाळक घरगुती आमंत्रणालाही नको म्हणतात, काहींना प्रसाद ही साधी साखर वाटते. पौल ज्ञान असलेल्यांना बजावतो की मूर्ती काहीच नाही हे खरं असलं तरी तुझ्या खाण्याने दुबळ्या विवेकाचा भाऊ पडत असेल तर ते खाणं पाप आहे (१ करिंथ ८). म्हणून नवा विश्वासणारा सोबत असेल, कालपर्यंत तोच देव पुजणारा, तर त्याच्या मापाने वागा, आपल्या नव्हे.

वर्गणी, खंडेनवमी, शाळा

मंडळाची मुलं वर्गणीचं पुस्तक घेऊन दारात आली की दार बंद ठेवून आत टीव्हीचा आवाज कमी करणारे बरेच आहेत. दार उघडा. मूर्तीसाठी किंवा महाप्रसादासाठी देत नाही हे सांगा आणि त्याच मंडळाच्या रक्तदान शिबिराला किंवा विसर्जनाच्या दिवशीच्या पाणपोईला तेवढीच रक्कम द्या, पावतीवर तसं लिहून घ्या. सोसायटीत पूजेचा खर्च देखभालीच्या पैशांतून होत असेल तर वार्षिक सभेत सांस्कृतिक खर्च वेगळा, ऐच्छिक ठेवावा असा लेखी ठराव मांडा; ऐन उत्सवात भांडू नका.

कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. यंत्र पुसणं, तेलपाणी करणं, झेंडू आणायला मदत करणं, पेढा वाटायला मदत करणं, सगळ्यांबरोबर आदराने उभं राहणं, यात कुणाचा विश्वास जात नाही. नारळ फोडायला किंवा आरती ओवाळायला तुमचं नाव पुढे आलं तर आदल्या दिवशी साहेबांना एकट्यात सांगा. दानीएलाची रीत बघा: बाबेलची भाषा शिकला, त्यांनी दिलेलं नाव चालवून घेतलं, फक्त राजाच्या ताटातलं अन्न नाकारलं, आणि तेही आरडाओरडा न करता, कारभाऱ्याकडे दहा दिवसांची मुदत मागून (दानीएल १). सगळंच नाकारणाऱ्याचा नेमका नकार कुणाला ऐकू जात नाही.

अरामी सेनापती नामानाचा दाखला इथे नेहमी निघतो. राजा त्याच्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात वाकणार, तेव्हा त्यालाही वाकावं लागणार. त्याने क्षमा मागितली आणि संदेष्टा अलीशाने “शांतीने जा” एवढंच म्हटलं (२ राजे ५:१८-१९). ज्याची नोकरीच त्यात अडकली आहे त्याच्याशी बोलताना हे विसरू नये. पण नामान स्वतःच्या वतीने दुसऱ्या कुणाला यज्ञ करणार नाही हे आधी सांगून मोकळा झाला होता, तेवढा भाग लोक सोयीने गाळतात.

मंडळीच्या आत

लुस्त्र गावात पांगळा चालू लागला तेव्हा लोकांनी पौलाचा साथी बर्णबा याला ज्यूस आणि पौलाला हर्मीस हे ग्रीक देव ठरवलं, पुजारी बैल आणि हार घेऊन आला. दोघांनी कपडे फाडले आणि गर्दीत घुसून ओरडले, की आम्ही तुमच्यासारखीच माणसं आहोत (प्रे. कृत्ये १४). आज पाळकांच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागतो, शाल-श्रीफळ होतं, आणि त्यांच्या चुकीबद्दल बोलणारा ‘अभिषिक्ताविरुद्ध’ ठरतो. साधी तपासणी: मागच्या वर्षभरात मंडळीचा जमाखर्च सगळ्यांसमोर वाचला गेला का? नसेल तर विचारा.

जात ही मंडळीतली दुसरी मूर्ती. प्रभुभोजनाचा प्याला एकच आणि लग्नाच्या वेळी ‘मूळचे कोण?’ ही चौकशी. तिच्यासाठी माणसं देवाची आज्ञा बाजूला ठेवतात, खोटं बोलतात, पोरीचा संसार पणाला लावतात. वरच्या तीन प्रश्नांत ती तिन्ही वेळा सापडते.

कॅथोलिक आणि प्रोटेस्टंट यांचा पुतळ्यांवरचा वाद जुना आहे. दहा आज्ञांची मोजणीसुद्धा वेगळी: बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत कोरीव मूर्तीची आज्ञा दुसरी म्हणून स्वतंत्र येते, कॅथोलिक आणि ल्युथरन तिला पहिलीतच धरतात. इ.स. ७८७ मध्ये निकियाच्या दुसऱ्या परिषदेने भक्ती फक्त देवाची आणि प्रतिमेला दिलेला मान ज्याची ती प्रतिमा त्याला पोचतो, असा भेद केला. तो मान्य असो वा नसो, खाली दिलेली कसोटी दोघांनाही लागू पडते. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचं घर, मेणाचं बाळ, मेणाचा पाय विकत मिळतो. तो अर्पण करणारा ‘आई, माझ्यासाठी देवाकडे माग’ म्हणत असेल तर चर्चची शिकवण ते भेदाच्या आत धरते. ‘एवढं दिलं, आता घर मिळालंच पाहिजे’ म्हणत असेल तर तो सौदा झाला, आणि असला सौदा प्रोटेस्टंट प्रार्थनासभेत ‘विश्वासाचं बी पेरा’ म्हणत पाकिटातूनही होतो.

घरात देवघर असलेल्या नव्या विश्वासणाऱ्यासाठी

देवघर आईवडिलांचं आहे. त्याला हात लावायचा तुम्हाला अधिकार नाही. गिदोनाने बापाची वेदी पाडली हा दाखला उत्साही मुलं देतात. त्याला तसा स्पष्ट हुकूम झाला होता, तुम्हाला झालेला नाही. दुसऱ्यांना पवित्र असलेली वस्तू त्यांचा अपमान करायच्या हेतूने फोडणं हा भारतीय न्याय संहितेच्या २९८ व्या कलमाखाली गुन्हाही आहे. इफिसात पौल जवळजवळ तीन वर्षं होता, अर्तमी देवीचा धंदा बसायला आला, दंगल झाली, तरी शहराच्या चिटणीसाने भर सभेत सांगितलं की ही माणसं देवळं लुटणारी नाहीत आणि आपल्या देवीची निंदा करणारीही नाहीत (प्रे. कृत्ये १९:३७). विरोधकाकडून मिळालेलं असं प्रशस्तिपत्र तुमच्या आईकडूनही मिळायला हवं.

जे तुमच्या मालकीचं आहे त्याचा निकाल मात्र लावा: तुमच्या गळ्यातला ताईत, तुमच्या पैशाने घेतलेलं पूजेचं यंत्र, तुमची पत्रिका. घरातल्या कुणाला भावना असेल तर आधी विचारा आणि त्यांना हवं असेल तर परत द्या. नसेल तर याकोबाने शखेमाजवळच्या एला झाडाखाली पुरलं तसं शांतपणे पुरा (उत्पत्ती ३५:४). विकू नका. इफिसच्या जादूगारांनी पोथ्या जाळल्या त्यांची किंमत पन्नास हजार रुपये, म्हणजे चांदीची नाणी, भरली; एक नाणं साधारण एका दिवसाची मजुरी, म्हणजे एका माणसाची दीडशे वर्षांहून अधिक कमाई. विकून गरिबांना देता आलं असतं, पण मग त्याच पोथ्या दुसऱ्याच्या घरात गेल्या असत्या. आणि व्हिडिओ काढू नका. कुणालाही पाठवायचा नाही, स्वतःच्या साक्षीसाठीही नाही.

आई आजारी असताना तिने नवस बोलायला सांगितलं, रात्रीचे दोन वाजलेत, आयसीयूचं दार बंद, आणि तुमच्या तोंडून तो नवस निघून गेला. असं होतं. दुसऱ्या दिवशी स्वतःला कोसत आठवडाभर प्रार्थना बंद ठेवू नका, तसं केलंत तर घसरण एकाची दोन होते. त्याच सकाळी, दवाखान्याच्या बाकावर, काय केलं ते देवाला नाव घेऊन सांगा. मग मंडळीतल्या एका भरवशाच्या माणसाला सांगा, एकालाच. नवस फेडायला जायचं नाही. पण आईला आज, ती अंथरुणात असताना, हे ऐकवायची घाई करू नका. ती बरी होऊन घरी आली, दोन घास नीट जेवू लागली की तिच्याजवळ बसा आणि सांगा, “मी त्या रात्री घाबरलो होतो.”